न फोडलेल्या शेळ्या

तानूबाईच्या दारात मेलेलं जनावर फोडून बघितल्याशिवाय कधी पुरलं गेलं नव्हतं. ही शिस्त तिच्या सासऱ्याची. नवरा येसाजीनं ती पाळली आणि येसाजी गेल्यावर सुरी तिच्या हातात आली. वस्तीवरच्या बाकीच्या बाया नाकाला पदर लावून लांब उभ्या राहायच्या. तानूबाई मात्र पदर खोचून बसायची, पोट उभं चिरायची, काळीज बघायची, फुप्फुस दाबायची, आतडी बोटांतून ओढत न्यायची आणि मग सांगायची, "थंडी भरली व्हती," नाहीतर "जंत झालं व्हतं," नाहीतर "ह्यो लागणीचा रोग हाय, बाकीच्यास्नी येगळं बांधा." जे गेलं ते कशानं गेलं हे कळलं नाही तर मागं उरलेलं वाचवायचं कसं, एवढंच त्यामागचं कारण. किळस वगैरे तिला माहीत नव्हती. जनावर पाळायचं आणि त्याच्या पोटात बघायला भ्यायचं, म्हणजे पोरं काढायची आणि शेंबूड पुसायला लाजायचं, असं ती तोंडावर म्हणायची.

वस्ती धनगरांची, ताम्हिणी घाटाच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा चढावर. खाली रस्त्याला लागून शाळा आणि शाळेपलीकडे कोंडिबाचा ढाबा. पावसाळ्यात इथं आभाळ खालीच उतरलेलं असतं आणि शनिवार-रविवारी अर्धं पुणं त्याच्याखाली येऊन उभं राहतं. माणसं धबधब्यात भिजतात, कणसं खातात, मोबाइलपुढं उड्या मारतात आणि जाताना हातात जे असेल ते तिथंच टाकून मोकळी होतात. घरी सोफ्यावर चहाचा थेंब सांडला तर बायकोवर डोळे वटारणारा गृहस्थ इथं अख्खी पिशवी दरीत भिरकावतो आणि वर मान करून म्हणतो, काय निसर्ग आहे. त्या निसर्गात शेळ्याही चरतात, हे त्याच्या गावी नसतं.

तानूबाईच्या दहा-बारा शेळ्या त्याच उतारावर चरायच्या. घरात माणसं चार. मुलगा सोमनाथ लवासात एका रिकाम्या इमारतीवर पहारा करायला होता आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. सून उज्वला कोंडिबाच्या ढाब्यावर दिवसभर भाकरी थापायची. त्यांची एकुलती पोर सोनाली, ती आजीच्या आणि शेळ्यांच्या संगतीतच वाढली. कुठली शेळी गाभण आहे, कुठली रवंथ करत नाही, हे तिला पाढ्यांच्या आधी कळायला लागलं होतं. तानूबाईला त्याचं कौतुक होतं आणि धास्तीही होती. पोरीला शेळ्यांची माया असावी, पण तिचा जन्म शेळ्यांमागं जाऊ नये, असं तिला मनापासून वाटायचं. सोनाली शाळेतून आली की म्हातारी तिला वाचायला बसवायची आणि स्वतः अक्षरशत्रू असून समोर बसून मान डोलवायची.

त्या वर्षी शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात कबरी गेली. घरातली सगळ्यांत दुभती शेळी. आठ दिवस तिनं रवंथ केली नाही, नुसती दात खायची, डावी कूस दगडासारखी लागत होती. तेल पाजलं, ओव्याचं पाणी पाजलं, काही उपयोग झाला नाही. तानूबाई फोडायला बसली आणि सोनालीनं नेहमीप्रमाणं शेळीचा पाय धरला. कोथळा चिरला तसा आतून नारळाएवढा गोळा निघाला. पिशव्या, सुतळ्या, पुड्या, सगळं एकमेकांत पिळवटलेलं. खाल्लेला सगळा पाला विरून गेला होता, पण चिप्सच्या पुडीवरचं नाव जसंच्या तसं वाचता येत होतं. सोनालीनं ते वाचलंही. नुकतीच चौथीत गेलेली पोर, दिसेल ते वाचायची सवय.

"आजी, तिनं ह्ये कशापायी खाल्लं?"

"खारट लागतंय. पावसाळ्याच्या तोंडाला जनावराला मिठाची वढ असती."

सोनालीनं तो गोळा ओढ्यावर नेऊन धुतला आणि पिशवीत घालून ठेवला. उज्वलानं दोनदा फेकायला काढला, दोन्ही वेळा पोरीनं घर डोक्यावर घेतलं.

शाळेत सगळी मिळून पंधरा-सोळा पोरं. वाल्मीक सर एकटेच, बीडकडचे. पौडला खोली करून राहायचे आणि मोटारसायकलवर यायचे. माणूस भला होता, दमलेला होता, पण पोरांना कधी वैतागून बोलायचा नाही. त्या जूनमध्ये वरून आदेश आला, मुलांनी आपल्या परिसरातला एखादा प्रश्न शोधावा आणि त्यावर काम करावं. सरांनी वर्गात विचारलं तेव्हा कुणी बिबट्या म्हणालं, कुणी म्हणालं रेंज नाही, कुणी म्हणालं एसटी थांबत नाही. सोनाली उठली आणि तिनं कबरीच्या पोटातला गोळा सरांच्या टेबलावर ठेवला. सर जरा मागं सरकले. मग खुर्ची पुढं ओढून बराच वेळ बघत बसले.

शाळेच्या बालमंत्रिमंडळात सोनाली पर्यावरण मंत्री झाली. घरी आजी तिला सोडतेय होय. "मंत्रीणबाई, लेंड्या लोटा आता," म्हणून खराटा हातात द्यायची. मंत्रीणबाई फुरंगटून लोटायच्या.

पण पोरांनी काम केलं, हे खरं. शनिवारी शाळा सुटली की रस्त्याच्या वळणावर पुठ्ठे घेऊन उभी राहायची. दादा, ताई, तुमची पिशवी तुमच्यासोबत न्या. कुणी काच वर घ्यायचं, कुणी गोड बोलायचं. एका बाईनं पोरांबरोबर फोटो काढला, सगळ्यांना चॉकलेटं वाटली आणि स्वतःच्या चॉकलेटचा कागद तिथंच टाकला. कोंडिबा शाळेच्या समितीचा अध्यक्ष. तो आधी कुरकुरला, "गिऱ्हाईक पळवतासा का रं माजं?" मग पेपरात पोरांचा फोटो आला तसा त्यानं ढाब्यापुढं दोन पिंप आणून ठेवली आणि पिंपांवर स्वतःचं नाव रंगवून घेतलं. सोमवारी पोरं उतारावर पसरायची आणि अडकलेलं सगळं वेचून आणायची. खिचडीच्या तांदळाच्या रिकाम्या गोण्यांत ते भरायचं आणि गोण्यांची तोंडं तानूबाईनं दाभणानं शिवून द्यायची. पंचायतीचा ट्रॅक्टर येऊन माल नेणार होता. ट्रॅक्टर आज येतो, उद्या येतो करत राहिला. शाळेची दुसरी खोली पोरं कमी झाल्यापासून बंदच होती. गोण्या तिथं रचत गेले. किल्ली पर्यावरण मंत्र्यांच्या गळ्यात.

श्रावणापर्यंत चराईचा सगळा उतार स्वच्छ झाला. तानूबाई रोज शेळ्यांमागं फिरताना बघायची आणि तिला नवल वाटायचं. झुडपाझुडपाला लटकणाऱ्या पिशव्या गेल्या होत्या. इतकी वर्षं आपण नुसत्या शिव्या घातल्या आणि बोटभर पोरांनी वेचून दाखवलं. ती हे चार बायांत बोलून दाखवायची आणि बोलताना नातीचं नाव दोनदा जास्त घ्यायची.

श्रावण सरता सरता रेड अलर्ट आला. इथल्या माणसांना पावसाचं भय नाही, पण त्या वेळी वारं होतं. शाळेला सुट्टी दिली, पौडच्या बाजूला दरड आली, रस्ता बंद झाला, सोमनाथ तिकडंच अडकला. भर दुपारी गोठ्याचे पत्रे उडून पार ओढ्यात गेले. शेळ्या कुडाला चिकटून थरथरत उभ्या राहिल्या. त्यात चार गाभण. घर म्हणजे एकच खोली, तिला स्वतःलाच तीन ठिकाणी गळती.

"आजी, शाळंची खोली हाय की," सोनाली म्हणाली. "किल्ली माज्यापाशीच हाय."

न विचारता कसं न्यायचं, म्हणून पोरगी भिजत, थोडी रेंज मिळते त्या ढाब्यापर्यंत गेली आणि आईच्या मोबाइलवरून सरांना फोन लावला. सर म्हणाले, "ठेव बाळा. मुकी जनावरं आहेत, शाळा काय झिजत नाही. बाकं मागं सरकवून घ्या फक्त." सोनाली उड्या मारत परत आली. स्वतःच्या हातानं तिनं कुलूप उघडलं, शेळ्यांना एकेक करून आत घेतलं, गोण्यांपुढं बाकं लावली. तानूबाईनं गोण्यांकडं एकदा बघितलं. तोंडं आपणच शिवलेली, टाका पक्का. तिनं दार ओढून घेतलं.

दोन दिवस पाऊस हटला नाही. पाला तोडायला बाहेर पडावं तर वारं उभं राहू देईना. तानूबाई ओंजळभर पाला नेऊन दारातूनच आत टाकायची, तो कुणाच्या दाढेला पुरणार. पहिल्या दिवशी शेळ्यांचं ओरडणं वस्तीपर्यंत ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी ते थांबलं. तानूबाईला वाटलं, रुळल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी उघडीप मिळाली. सोनाली आईबरोबर घराची गळती काढत होती, म्हणून तानूबाई एकटीच किल्ली घेऊन खाली गेली. दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच खाली बसली. बाकांवर लेंड्या होत्या. ज्या जातीला झाडावर चढायला शिकवावं लागत नाही, तिला बाकांची आडकाठी घातली होती. गोण्यांना तांदळाचा वास होता. तोंडाचा टाका पक्काच राहिला होता, शेळ्यांनी गोण्या कुशीत फाडल्या होत्या. पावाचे तुकडे, दाणे खाल्लेल्या कणसांची बुरकंडं, खारट पुड्या, आमटीचे डाग पडलेल्या पातळ पिशव्या. पोरांनी सगळ्या उताराचं, सगळ्या पावसाळ्याचं वेचून एका जागी आणून ठेवलं होतं आणि म्हातारीनं उपाशी शेळ्या त्यावर कोंडल्या होत्या. एक शेळी अजून चघळत होती. तोंडातून पिशवीचं टोक लोंबत होतं. तानूबाईनं ते धरून ओढलं, ते येतच राहिलं.

तिनं शेळ्या बाहेर काढल्या. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, दाभण आणून फाटलेल्या कुशी शिवल्या, सांडलेलं भरलं, खोली झाडली, बाकं होती तशी लावली. तेव्हा तिला सरांचीच लाज वाटत होती. पोरीचा विचार नंतर आला, पहिली शेळी दात खायला लागली तेव्हा.

शेळ्या लगेच मेल्या नाहीत. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. आधी रवंथ थांबली, मग डाव्या कुशी चढल्या. दरडीपलीकडून डॉक्टर येणं शक्य नव्हतं. तानूबाईनं तेल पाजलं, सोडा पाजला, रात्रंदिवस पोटं चोळली. पोटात काय आहे ते तिला ठाऊक होतं, म्हणून चोळताना तिच्या हातांत जीव नव्हता. आणि सोनाली शेजारी बसून चोळत होती. "आजी, थंडीच भरली असल ना? लई भिजल्या व्हत्या."

"व्हय. थंडीच."

तिथंच तानूबाईनं ठरवलं. किल्ली ह्या पोरीच्या गळ्यात होती. गोण्या हिनं भरल्या, खोली हिनं सुचवली, दार हिनं उघडलं. नऊ वर्षांच्या जिवाला हे कळलं तर ते आयुष्यभर उतरणार नाही. पुन्हा शाळेचं तोंड बघेल की नाही, देव जाणे. शेळ्या गेल्या तर गेल्या, पोर जाऊ द्यायची नाही.

पहिली गेली ती गाभण होती. सोनाली घरात गेली, कुडातली सुरी काढली, दगडावर दोनदा घासली आणि आजीपुढं आणून धरली. नेहमीचंच काम.

"नगं," तानूबाई म्हणाली.

"फोडायची न्हाई?"

"थंडीनं गेली. दिसतंयच की. उगा कशाला."

सोनाली सुरी घेऊन थोडा वेळ उभी राहिली. मग आत जाऊन तिनं ती होती तिथं खोचून ठेवली. म्हातारीचा जीव भांड्यात पडला. तिनं खड्डा खोल घेतला आणि शेळी तशीच्या तशी आत ठेवली, आतल्या करडांसकट. माती लोटताना तिला येसाजीची आठवण आली आणि मेलेल्या माणसापुढंही मान वर करवेना.

त्यानंतर एकीमागं एक. कधी दोन एका दिवशी. वस्तीवरच्या बाया म्हणाल्या, "तानूबाई, फोडून बगा की वो, आमच्या शेळ्यास्नी लागंल." तानूबाई म्हणाली, लागणीचं काही नाही. आजवर तिचं बोलणं खोटं निघालं नव्हतं, म्हणून बाया गप्प राहिल्या. शेवटी दोन शेळ्या उरल्या.

रस्ता सुरू झाला तसा सोमनाथ आला. रिकामा गोठा बघून त्याचं तोंड उतरलं, पण त्याला सरकारी वाट ठाऊक होती. अतिवृष्टीत गेलेल्या जनावरांची भरपाई मिळते, तलाठ्याला बोलवू, डॉक्टर येऊन एक-दोन शेळ्या उकरून तपासतील, पंचनामा होईल.

"उकरायचं न्हाई," तानूबाई म्हणाली.

"आई, डोकं फिरलंय का तुजं? सरकार देतंय आन् तू नगं म्हंतीस?"

"मातीत गेलेल्याला हात लावायचा न्हाई. माज्या शेळ्या व्हत्या, मी सांगतुया."

"मातीत गेलेल्याला, म्हणं. उभी हयात जनावरं फोडण्यात गेली तुजी."

सोमनाथ जेवण तसंच टाकून निघून गेला आणि पुढचे दोन पंधरवडे घरी आला नाही. उज्वलानं सासूशी भांडण केलं नाही, नुसतं बोलणं कमी केलं. घरात दूध उरलं नाही, विकायला करडू उरलं नाही. तानूबाई सुनेच्या मागोमाग कोंडिबाच्या ढाब्यावर भांडी घासायला जाऊ लागली. शनिवार-रविवारी मोरीपाशी ताटांचा ढीग पडायचा, त्यात उष्टं, कागद, पिशव्या. ती एकेक पिशवी वेगळी काढून पिंपात टाकायची. सगळा वेळ एकाच गोष्टीनं मन घट्ट करायची, की पोरगी शाळेत जाते आहे. आणि जात होती खरंच. वेळेवर उठायची, वेणी घालून घ्यायची, दप्तर उचलायची. जरा गप्प झाली होती, पण घरातलं दूधदुभतं गेल्यावर पोर गप्प होणारच, असं म्हातारीनं मनाला समजावलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत कार्यक्रम ठरला. पोरांच्या कामाला तालुक्यात बक्षीस मिळालं होतं आणि मोठे साहेब स्वतः द्यायला येणार होते. ट्रॅक्टरही एकदाचा आला, साहेबांच्या आदल्या दिवशी, आणि गोण्या घेऊन गेला. कोंडिबानं मांडव घातला. वस्तीवरची माणसं सतरंजीवर बसली, तानूबाई पहिल्या रांगेत, धुतलेलं लुगडं नेसून. सोमनाथही आला होता, उज्वलाशेजारी.

भाषण सोनालीचं होतं. सरांनी लिहून दिलं होतं. एरवी शाळेतली कविता घरात दहादा म्हणून कान किटवणारी पोर, पण हे भाषण तिनं घरी एकदाही म्हणून दाखवलं नव्हतं. तानूबाई ते पहिल्यांदाच ऐकत होती. सन्माननीय व्यासपीठ झालं, कबरीची गोष्ट झाली, पुठ्ठे झाले, गोण्या झाल्या. खणखणीत आवाज होता. साहेब मान हलवत होते. आणि मग सोनाली एकदम थांबली.

वाल्मीक सरांना वाटलं, विसरली. ते बाजूनं हळूच म्हणाले, "या पावसाळ्यात..."

सोनालीनं सरांकडं बघितलं नाही. तिनं समोर आजीकडं बघितलं, सरळ, डोळ्याची पापणी न हलवता.

"या पावसाळ्यात," सोनाली म्हणाली, त्याच शाळेतल्या चालीत, "आमच्या वस्तीवरची एकही शेळी प्लास्टिक खाऊन मेली नाही."

टाळ्या लगेच आल्या नाहीत. पोरीचं धैर्य खचेल, रडेल, सगळ्यांपुढं फजिती होईल, ह्या एकाच भीतीनं तानूबाईचे हात आपोआप वर आले आणि तिनं टाळ्या वाजवल्या. तिच्या मागून साऱ्या मांडवानं वाजवल्या. सरांचे डोळे भरून आले होते. त्या भल्या माणसानं ते वाक्य खरं समजूनच लिहिलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर आजी आणि नात चढाच्या वाटेनं घरी निघाल्या. सोनालीच्या हातात प्रमाणपत्र आणि नवी कंपासपेटी. अर्ध्या वाटेवर तानूबाईला दम लागला, ती बांधावर टेकली. सोनाली उभीच राहिली.

"तू फोडली न्हाईस," ती म्हणाली.

तानूबाई लुगड्याला लागलेली कुसळं काढू लागली.

"तू समदी जनावरं फोडतीस. साप चावल्यालंबी फोडलं व्हतंस, दात दिसत असतानी. ह्या येकबी फोडली न्हाईस. तवाच कळलं मला."

"सोने..."

"सुरी आणली तवाच. समद्या मरायच्या आदी."

म्हणजे शेळ्या एकेक करून पडत होत्या, तितके दिवस ही पोर शेजारी बसून पोटं चोळत होती, आत काय आहे हे ठाऊक असून. आजी लपवते आहे म्हणून तीही लपवत होती. रात्री एकाच गोधडीत दोघी झोपत होत्या. जे ओझं पोरीवर पडू नये म्हणून तानूबाईनं भरपाई सोडली, लेक तोडला, भांडी घासली, ते पहिल्या दिवसापासून पोरीवरच होतं. आणि कुणाजवळ रडायचीही सोय म्हातारीनं तिला ठेवली नव्हती.

"तुजी चूक न्हाई त्यात," ती कशीबशी म्हणाली. "मी कोंडल्या. गोण्या मी शिवल्या. दोनी दिवस मीच पाला टाकाय जात व्हते, तरी बगितलं न्हाई. म्हातारी असून मला कळाया पायजे व्हतं."

"मग तवाच का न्हाई सांगितलंस?"

"तुला वाईट वाटंल म्हनून."

सोनालीचा आवाज रडवेला नव्हता, आणि तेच तानूबाईला सोसवत नव्हतं.

"मी थांबले व्हते आज," ती म्हणाली. "मला वाटलं, तू उठून सांगशील. न्हाईतर नुसती मान हलवशील, मग मीच सांगंन. सरान्लाबी ठावं न्हाई. पुढल्या पावसात पुन्यांदा त्याच खोलीत गोण्या ठेवतील, कुणीतरी शेळ्या बांधंल. म्हनून थांबले. आन् तू टाळ्या वाजवल्यास. पयल्या तूच वाजवल्यास, आजी."

तानूबाईनं तिला जवळ घ्यायला हात पुढं केला. पोरगी मागं सरली नाही, पण जवळही आली नाही. हात खांद्यावर राहिला आणि दोघींनाही त्याचं काय करावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी तानूबाई शाळेत गेली आणि तिनं सरांना सगळं सांगितलं. सरांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, बक्षीस आता गेलं आहे पुढं, जिल्ह्याला नाव गेलं आहे, पोरांची मनं मोडतील, आत्ता कुणाला नको सांगायला. आपण पुढच्या वर्षी काळजी घेऊ. तानूबाईनं मान हलवली. हे शब्द तिच्या ओळखीचे होते.

सोनाली आता पाचवीत आहे, खालच्या गावच्या शाळेत जाते, अभ्यासात पुढंच आहे. उरलेल्या दोन शेळ्यांची चार झाली. शाळेतून आली की दप्तर न उतरवता ती आधी गोठ्यात जाते आणि एकेकीची डावी कूस दाबून बघते. तानूबाई दारातून सांगते, "बऱ्या हायेत गं समद्या, आत्ताच बगितलंय मी." सोनाली "व्हय" म्हणते आणि पुन्हा पहिलीपासून दाबून बघते.